विहीणबाईंशी मल्याळममध्ये बोलायचं आहे

पत्र :

नमस्कार. मी 61 वर्षांची, साताऱ्याची, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. मुलगा पुण्यात नोकरी करतो. सून कन्नूर जिल्ह्यातल्या तलश्शेरीची, गुणी आणि मनमिळाऊ. तिला आता पाचवा महिना आहे. बाळंतपण तिच्या माहेरीच होणार. नंतर मी महिनाभर तिकडे राहायला जावं असा तिचा आणि तिच्या आईचाही आग्रह आहे. अडचण अशी की विहीणबाईंना मल्याळमशिवाय काही येत नाही. माझी हिंदी बेताची, इंग्रजी वाचण्यापुरतं. फोनवर आम्ही दोघी नुसत्या हसतो आणि फोन सुनेकडे देतो. उद्या नातवंड आईशी मल्याळम बोलेल आणि मी तोंडाकडे बघत बसेन, ही रुखरुख वेगळीच. म्हणून मी वर्णमाला गिरवायला घेतली. दोनदा पाठ केली, दोनदा विसरले. ॲपवरचे धडे सगळे इंग्रजीतून, म्हणजे आधी ते समजून घ्या आणि मग मल्याळम. यजमान म्हणतात, 'डब्यात खडे घालून हलवल्यासारखी भाषा, ती या वयात कशाला?' मी सुरुवात कुठून करू? आणि खरंच जमेल का?

– एक आजी होऊ घातलेली वाचक

उत्तर :

ताई, नमस्कार.

पहिली गोष्ट, वर्णमालेची वही तूर्त मिटून ठेवा. शिक्षिकेला हे सांगणं जिवावर येतं, पण तुमच्या हातात जेमतेम चार-पाच महिने आहेत आणि तुम्हाला परीक्षा द्यायची नाही, स्वयंपाकघरात बसून गप्पा मारायच्या आहेत. पहिलीतलं मूल शाळेत येतं ते मराठी बोलत येतं, मग आपण त्याला 'ग गवताचा' शिकवतो. तुम्ही मात्र बोलण्याआधीच अक्षरं घेऊन बसलात. ज्या शब्दांचा कानाला पत्ता नाही त्यांची अक्षरं लक्षात राहतीलच कशी? लिपीकडे आपण येऊच, पण दुसऱ्या महिन्यात.

दुसरी गोष्ट, इंग्रजीचा वळसा सोडा. नोकरीच्या निमित्ताने माझी काही वर्षं कोळिकोडला गेली. तिथे हिंदी किंवा इंग्रजी मनात ठेवून मल्याळम शिकणारे जिथे अडखळायचे, तिथे मराठी माणूस सहज निघून जायचा. मल्याळम द्राविड कुळातली, आपली आर्य कुळातली, हे खरं. पण मराठी शेकडो वर्षं द्राविड भाषांच्या शेजारात वाढली आहे, आणि तो शेजार आपल्या वाक्यांच्या ठेवणीत उतरला आहे.

उदाहरण म्हणून 'हवं' आणि 'नको' घ्या. आपण 'नको' एका शब्दात सांगतो, हिंदीवाल्याला त्यासाठी 'नहीं चाहिए' म्हणावं लागतं. मल्याळममध्ये हवं म्हणजे 'वेणम्' आणि नको म्हणजे 'वेण्ड'. 'चाय वेणो?' म्हणजे चहा हवा का? 'वेण्ड' म्हणजे नको. पुरे म्हणजे 'मदि'. केरळात पाहुण्याच्या पानात भात वाढणारा हात सहसा थांबत नाही, तेव्हा हा शब्द जाण्याआधी घोकून ठेवा. 'मदि, मदि' असं दोनदा म्हणायचं आणि वर हात आडवा धरायचा.

आता 'नाही' आणि 'नव्हे'. आपल्या बोलण्यात 'नव्हे' मागे पडत चाललंय, पण फरक आपल्याला जन्मतः कळतो. मल्याळममध्ये तो रोज लागतो. नाही म्हणजे 'इल्ल', नव्हे म्हणजे 'अल्ल'. मिठाला 'उप्प्' म्हणतात. 'उप्पिल्ल' म्हणजे मीठ नाही. 'उप्पल्ल' म्हणजे हे मीठ नव्हे. डबा उघडून साखर निघाली तर दुसरं म्हणायचं, डबा रिकामा निघाला तर पहिलं. इंग्रजीतून शिकवणारे या दोन शब्दांवर पानंच्या पानं खर्ची घालतात. तुम्हाला एवढं पुरेल.

'मला भूक लागली', 'मला माहीत आहे', 'मला आवडतं' ही आपली 'मला'ची वाक्यं तिकडेही तशीच आहेत. मला म्हणजे 'एनिक्क्'. 'एनिक्क् अऱियाम्' म्हणजे मला माहीत आहे, 'एनिक्क् अऱियिल्ल' म्हणजे मला माहीत नाही. येतो असं सांगितलं, आलेला माणूस, जाऊन येते, या सगळ्या रचना जशाच्या तशा सापडतात. निघताना आपण 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. तेही 'पोयिट्टु वराम्' म्हणतात, म्हणजे जाऊन येते. हे वाक्य पहिल्याच आठवड्यात पाठ करा आणि फोन ठेवताना विहीणबाईंना ऐकवा.

आणि क्रियापद. इथे तर तुम्हाला सुट्टीच आहे. मी गेले, तो गेला, ती गेली, ते गेले, यातला फरक मल्याळम क्रियापद दाखवत नाही. सगळ्यांना 'पोयि'. ना लिंग, ना वचन, ना पुरुष. तमिळमध्ये हे सगळं आहे, मल्याळमने ते टाकून दिलं. तुमची सून कधी 'मी आला' किंवा 'भाजी संपला' म्हणत असेल तर त्याचं मूळ इथे आहे. तिच्या भाषेत भाजीला स्त्रीलिंग असण्याचं काही कारणच नाही. भूतकाळाच्या क्रियापदाला शेवटी 'ओ' लावला की प्रश्न तयार होतो, आपल्या 'का'सारखा. 'कुडिच्चु' म्हणजे प्यायलं, 'कुडिच्चो?' म्हणजे प्यायलं का? 'चाय कुडिच्चो?' हा तिकडे चौकशीचा प्रश्न, आपल्या 'झालं का जेवण?'सारखा. बाळ म्हणजे 'कुञ्ञ्', दूध म्हणजे 'पाल्'. 'कुञ्ञ् पाल् कुडिच्चो?' 'कुञ्ञ् उऱङ्ङियो?' म्हणजे बाळ झोपलं का? तुमच्या महिनाभराच्या निम्म्या संभाषणाची सोय झाली.

या सगळ्यात एक जोडी मी मुद्दाम वेगळी काढते, कारण ती व्याकरणापेक्षा नात्याच्या कामाची आहे. आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत. मल्याळममध्येही आहेत. 'ञङ्ङळ्' म्हणजे आम्ही, समोरच्याला वगळून. 'नम्मळ्' म्हणजे आपण, समोरच्याला धरून. हिंदीतून आलेला माणूस सगळीकडे एकच वापरतो आणि नकळत समोरच्याला घराबाहेर उभा करतो. तुम्ही बाळाविषयी बोलताना 'नम्मुडे कुञ्ञ्' म्हणा, म्हणजे आपलं बाळ. 'ञङ्ङळुडे' म्हटलंत तर ते 'आमचं, तुमचं नव्हे' असं होईल, आणि दोन आज्यांच्या घरात ते किती महाग पडेल हे मी सांगायला नको.

आता उच्चार. यजमानांचे खडे इथलेच. पण त्यातले बरेच खडे आपल्या डब्यातही आहेत, कारण ळ आणि ण हे दोन्ही आपले रोजचे वर्ण. उत्तरेकडच्या माणसाला 'पुलि' आणि 'पुळि' सारखेच ऐकू येतात, तुम्हाला येणार नाहीत. पहिला बिबट्या, दुसरी चिंच. 'पनि' म्हणजे ताप आणि 'पणि' म्हणजे काम. 'कल्लु' म्हणजे दगड आणि 'कळ्ळु' म्हणजे ताडी. शेवटची जोडी विशेष जपा.

आपल्याकडे नसलेला वर्ण एकच खरा अवघड आहे. रोमन लिपीत तो 'झेडएच' असा लिहितात, म्हणून मराठी वर्तमानपत्रं 'अलप्पुझा' छापतात. त्यात झ कुठेच नाही. देवनागरीत त्याला ळ खाली टिंब देऊन 'ऴ' लिहायची सोय आहे. जीभ ळ म्हणताना वळते तशी मागे वळवा, पण टाळूला टेकवू नका, आणि आवाज तसाच वाहू द्या. पाऊस म्हणजे 'मऴ', वाट म्हणजे 'वऴि', नदी म्हणजे 'पुऴ', केळं म्हणजे 'वाऴप्पऴम्', यात तो दोनदा येतो. नाहीच जमलं तर ळ म्हणा, कोणी अडवणार नाही. मलबारात अनेकजण स्वतःच तो य करून बोलतात, आपल्या गावाला 'कोयिक्कोड्' म्हणणारे कोळिकोडमध्ये भरपूर भेटतील.

आपली जीभ मात्र तीन ठिकाणी घात करते. आपण शब्दाच्या शेवटचा अ गिळतो, ते गिळत नाहीत. 'मऴ' मधला शेवटचा अ पूर्ण ऐकू आला पाहिजे. मी वर 'उप्प्' किंवा 'कुञ्ञ्' असा पाय मोडून लिहिलाय तिथे शेवटी एक अगदी आखूड, धड उ नाही की धड काही नाही असा स्वर असतो. तो ऐकूनच येईल. दुसरं म्हणजे जोडाक्षराचा ठोसा पूर्ण द्यायचा. 'पडि' म्हणजे पायरी आणि 'पट्टि' म्हणजे कुत्रा, म्हणून 'पायरी सांभाळा' सांगताना जिभेला आवरा. तिसरं, ए आणि ओ ऱ्हस्व वेगळे, दीर्घ वेगळे. 'तॆङ्ङ्' म्हणजे नारळाचं झाड, त्यातला ए आखूड. 'तेङ्ङ' म्हणजे नारळ, त्यातला ए लांब. दोन्ही शब्द केरळात पावलोपावली लागतात, तेव्हा हा सराव आपोआप होईल.

तुम्हाला एक गंमत जाणवेल. बातम्या ऐकल्यात तर स्वयंपाकघरापेक्षा बातम्याच जास्त कळतील, कारण त्यात संस्कृत शब्दांची रेलचेल असते. दिवस हा 'दिवसम्', पुस्तक 'पुस्तकम्', आणि शिक्षा म्हणजे आपल्यासारखाच दंड, हिंदीसारखं शिक्षण नव्हे. इस्त्रीला 'इस्तिरि', किल्लीला 'चावि', लिलावाला 'लेलम्'. यांतले शेवटचे काही शब्द पोर्तुगिजांनी गोव्याच्या आणि मलबारच्या किनाऱ्यावर एकाच वेळी उतरवले. पण जवळचे शब्द दगाही देतात. 'संसारम्' म्हणजे बोलणं. 'संसारिक्कुम्' असं कोणी म्हणालं तर ते घरसंसाराविषयी नाही, कुणीतरी बोलेल एवढंच आहे. 'प्रसंगम्' म्हणजे भाषण, 'अनुवादम्' म्हणजे परवानगी, 'अवकाशम्' म्हणजे हक्क, 'कल्याणम्' म्हणजे लग्न. आणि दुकानावर 'सौजन्यम्' दिसलं तर तिथे काहीतरी फुकट मिळतंय.

खरं घोडं पेंड खातं ते रोजच्या साध्या शब्दांपाशी. पाणी 'वेळ्ळम्', भात 'चोऱ्', तेल 'एण्ण', मिरची 'मुळक्', हळद 'मञ्ञळ्'. यांना आपल्याकडे आधार नाही (मासळीला 'मीन्' म्हणतात, तेवढा एक अपवाद). म्हणून सराव इथेच करायचा. सुनेला सांगा, आईशी फोनवर बोलताना आठवड्यातून दोनदा फोन स्वयंपाकघरात ठेवायचा आणि आईने जे हातात घेतलं त्याचं नाव सांगायचं. तुम्ही इकडे तेच हातात घेऊन नाव म्हणायचं. 'इदेन्दा?' म्हणजे हे काय? हा एक प्रश्न घेऊन तुम्ही अख्खं घर फिरू शकता. बोलणं भरभर व्हायला लागलं तर 'पदुक्के पऱयू', म्हणजे हळू बोला. समजलं तर 'मनस्सिलायि', नाही समजलं तर 'मनस्सिलायिल्ल'.

सुनेकडून तिच्या आईच्या आवाजात वाक्यं रेकॉर्ड करून घ्या. इंटरनेटवरच्या शिक्षकाची नकोत, कारण तो बहुधा मध्य किंवा दक्षिण केरळातली, पुस्तकी वळणाची मल्याळम बोलेल आणि तलश्शेरीची बोली वेगळी आहे. पुस्तकात तो 'अवन्' आणि ती 'अवळ्', उत्तर मलबारात 'ओन्' आणि 'ओळ्'. मोठ्या बहिणीला इतरत्र 'चेच्ची', कन्नूरकडे 'एच्ची'. तुम्ही म्हणायचं काय, हाही प्रश्नच आहे. 'नी' म्हणजे तू, ते विहीणबाईंना चुकूनही नको. तुम्हीसाठी पुस्तकात 'निङ्ङळ्' आहे. मलबारात 'इङ्ङळ्' असं त्याचं रूप आदराने वापरतात, पण दक्षिणेत मोठ्यांना ते थेट म्हटलेलं जरा खटकतं. सगळ्यांत सुरक्षित म्हणजे सर्वनामच टाळून नात्याने हाक मारायची, जसं मल्याळी स्वतः करतात. विहीणबाई वयाने मोठ्या असतील तर 'एच्ची, चाय कुडिच्चो?' छान वाटेल. पण कोणतं नातं लावायचं हे आधी सुनेला विचारा, कारण प्रत्येक घराची हाक वेगळी असते.

बाळंतपणाचे शब्द वेगळे काढून ठेवा, कारण खरी खडाजंगी तिथेच होऊ शकते. बाळंतिणीच्या काळजीला तिकडे 'प्रसवरक्ष' म्हणतात. औषधी तेलाचं मालीश, पाला घालून उकळलेल्या पाण्याची अंघोळ, 'लेह्यम्' म्हणजे आयुर्वेदिक अवलेह. आपल्याकडचा शेक आणि डिंकाचे लाडू यांचाच मामला, पण पद्धत त्यांची. प्यायचं पाणीही अनेक घरांत औषधी लाकडाचे तुकडे घालून उकळलेलं, किंचित लालसर असतं. ते बघून दचकू नका. तिथे तुमचं काम विचारण्याचं, सुचवण्याचं नाही. बाळाच्या पोटात काय जावं यावर वाद झालाच तर दोघींनी मिळून डॉक्टरांना विचारा. अनेक घरांत 28व्या दिवशी बाळाच्या कमरेला दोरा बांधतात आणि नाव ठेवतात. त्या दिवसाला सरळ 'इरुपत्तेट्ट्' म्हणजे अठ्ठावीसच म्हणतात. 'इरुपद्' म्हणजे वीस, 'एट्ट्' म्हणजे आठ. तेवीस, चोवीस, पंचवीस असे आपले गुंतागुंतीचे शब्द तिकडे नाहीत. वीस-तीन, वीस-चार असं सरळ जोडत जायचं. पाढे घेणाऱ्या बाईंना हे एका दुपारचं काम आहे.

आता लिपी. महिनाभर कान तयार झाला की सुरुवात करा. अनुक्रम आपलाच आहे, क ख ग घ ङ, त्यामुळे पाठांतर नाहीच, फक्त आकार ओळखायचे. 1971 साली केरळ सरकारने छपाईसाठी लिपी सोपी केली, शेकडो जोडाक्षरं सुटी झाली. जुन्या पाट्यांवर मात्र जुनी वळणं दिसतात, ती सोडून द्या. ए आणि ऐच्या मात्रा अक्षराच्या आधी लिहितात, आणि ओची मात्रा अक्षराच्या दोन्ही बाजूंना बसते. आपल्या पहिल्या वेलांटीची सवय असलेल्याला हे विचित्र वाटायला नको. केरळच्या पहिलीच्या पाठ्यपुस्तकातून शिका, ती सरकारी संकेतस्थळावर मिळतात. सरकारचं 'मलयाळम् मिशन' परप्रांतातल्या मल्याळी मुलांसाठी वर्ग चालवतं. त्याच्या पहिल्या पायरीचं नाव 'कणिक्कोन्न', म्हणजे बहावा. मुंबई-पुण्यात त्यांचं काम आहे. साताऱ्यात कोणी आहे का ते सूनच तिच्या ओळखीतून काढेल. पण ही पुस्तकं मुलांसाठी आहेत हे लक्षात ठेवून वापरा, तुमचा वेग वेगळा असेल.

वयाबद्दल फार बोलत नाही. व्याकरण तुमच्या पाठीशी आहे, ध्वनी बरेचसे ओळखीचे आहेत, आणि रोज ऐकवणारं माणूस घरात आहे. यजमानांना मात्र एक सांगा. तलश्शेरीच्या इल्लिक्कुन्न् इथे हेर्मान गुंडर्ट नावाचे जर्मन मिशनरी राहत होते. मोठेपणी ही भाषा शिकून त्यांनी 1872 मध्ये तिचा शब्दकोश छापला, जो अभ्यासक आजही उघडतात. त्यांच्या मातृभाषेत तर ळ आणि ण दोन्ही नाहीत. त्यांचा बंगला तलश्शेरीत आहे, तिकडे गेल्यावर यजमानांना आवर्जून दाखवा.

तुम्ही पत्रात विचारलेलं नाही, पण विहीणबाईंनाही थोडी मराठी शिकवा. नाहीतर तुम्ही महिनाभर विद्यार्थिनीच राहाल आणि त्या शिक्षिका, ते तुम्हाला फार दिवस मानवणार नाही. त्यांना 'नको', 'पुरे' आणि 'आपलं' लगेच जमेल, कारण तिकडेही तेच आहे. लिंगाच्या वाटेला मात्र जाऊ नका. त्या 'चहा झाली' म्हणाल्या तरी कपात चहाच असेल.